ओर्वालवर गेलेली प्लेट

परग्रहावर उतरणं सोपं असतं. अवघड असतं ते आमच्या पोर्ट ट्रेव्हनचा सार्वजनिक हॉल शनिवारी दुपारी मिळवणं.

खरं म्हणजे मला हॉल नकोच होता. कित्येक वर्षं आमचा खेळ घरामागच्या शेडमध्ये सुखाने चालला होता. मी, शेजारचा डॅरिल आणि जो कोणी तिसरा सापडेल तो. पण यंदाच्या हिवाळ्यात अघटित घडलं. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका ग्रहाचा नकाशा रंगवत बसलो होतो आणि माझी बायको ग्लेनिस मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "रॉड, एकदा मलाही घे की रे यात."

माझ्या हातातला ब्रश नकाशावर पडला आणि एका डोंगराचा तलाव झाला. ग्लेनिस शाळेची बस चालवते. तिचा आणि माझ्या खेळाचा आजवरचा संबंध एवढाच, की शेडच्या दाराशी चहाचे मग ठेवून ती विचारायची, "जिंकलास का?" या खेळात जिंकणं-हरणं नसतं, हे मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलोय. ती "बरं" म्हणते आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते.

"पण शेडमध्ये नाही हं," ती म्हणाली. "तिथे लाल पाठीचे विषारी कोळी आहेत. मी तुझ्या ग्रहावर येईन, पण शेडमध्ये येणार नाही."

आता तुम्ही म्हणाल, मग घरातच बसायचं. पण घरातला गालिचा नुकताच उखडला होता आणि नवा बसवणारा माणूस "येतो, येतो" म्हणत महिनाभर येत होता. म्हणून हॉल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तो ग्रह म्हणजे ओर्वाल. पूर्ण माझ्या डोक्यातला. मिठाचं गुलाबी मैदान, मधोमध काळा मनोरा, आकाशात तीन चंद्र. गोष्ट अगदी छोटी, एका बैठकीत संपणारी. यानाचं इंजिन बंद पडतं. ते सुरू करायला मनोऱ्यातला गाणारा दगड लागतो. मिठावरून चालत जायचं, पहारेकऱ्याचं कोडं सोडवायचं, वर चढायचं. वर पोहोचलं, की तिसरा चंद्र उगवतो.

त्या चंद्रोदयासाठी मी एक परिच्छेद लिहिला होता. कौन्सिलच्या कचेरीत इतकी वर्षं खिडकीमागे बसून 'आपला अर्ज मिळाला' यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. पण हा परिच्छेद मी अंघोळ करताना लिहिला, गवत कापताना लिहिला, कचेरीत लोक माझ्यावर ओरडत असताना त्यांच्याकडे बघून मान हलवत लिहिला. मला तो ग्लेनिसला ऐकवायचा होता. नुसता वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. "छान आहे हं," म्हणून ती मोज्यांच्या जोड्या लावायला लागली असती. तिने तिथे, त्या मनोऱ्यावर उभं राहून तो चंद्र बघायला हवा होता. मी इतकी वर्षं शेडमध्ये बसून काय बघतो, ते एकदा तरी तिला दिसावं, एवढीच माझी इच्छा होती. नाहीतर ती पुन्हा "बरं" म्हणेल आणि यापुढे कधी विचारणारही नाही, ही धास्ती होती.

आमच्या गावात धास्ती एकट्याने बाळगता येत नाही. स्टॅव्हच्या दुकानात मी तळलेले मासे आणायला गेलो, तेव्हा डॅरिलने आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. रांगेतल्या प्रत्येकाला ओर्वालबद्दल मत होतं.

"पाणी आहे का तिथे?" एकाने विचारलं. "पाणी नाही म्हणजे मासे नाहीत. मग जायचं कशाला?"

"वारा कुठून वाहतो?" एक बाई म्हणाल्या. "मिठावरचा वारा फार वाईट. वाळत घातलेले कपडे ताठ होतात."

स्टॅव्हने मासे कागदात गुंडाळता गुंडाळता नकाशाचं वर्णन नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुलाबी मिठाचा तलाव? अरे, हा तर आपल्या धान्याच्या सायलोच्या पुढचा तलाव! तीन चंद्र टांगलेस की झाला परग्रह. हुशार आहेस, पेट्रोल वाचलं."

मी मासे घेतले आणि बाहेर पडलो. घरी जाताना तो तलाव लागतो. मी त्याच्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

हॉलच्या आरक्षणाची खिडकी मिसेस हॉकिंगच्या हातात आहे. त्यांनी मला लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलंय. बाकी सगळं गाव त्यांना नोलीन म्हणतं. माझ्या डोक्यावरचे केस गेले, तरी माझी तशी हिंमत होत नाही.

"कसला कार्यक्रम?" त्यांनी विचारलं.

"खेळ आहे, मिसेस हॉकिंग. टेबलाभोवती बसायचं. मी एक गोष्ट सांगतो, बाकीचे गोष्टीतली माणसं होतात आणि आपण काय करणार ते सांगतात. जमलं की नाही, ते फासा टाकून ठरतं."

"फासा." त्यांनी चष्मा काढला. "रॉडनी, या हॉलमध्ये जुगार चालत नाही."

"पैसे नाही लावत हो आम्ही!"

"मग काय पणाला लावता?"

"जीव," मी म्हणालो. उत्तर अगदी खरं होतं. पण खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला खरं उत्तर कधी देऊ नये, हे खिडकीमागेच बसणाऱ्या मला कळायला हवं होतं. मिसेस हॉकिंगनी शांतपणे चष्मा चढवला. जिवाला धोका असलेल्या कार्यक्रमाला प्रथमोपचार जाणणारा माणूस हजर असलाच पाहिजे, असा समितीचा ठराव होता. धोका गोष्टीतल्या माणसांना आहे, असं मी सांगून पाहिलं. ठरावात तसा फरक केलेला नव्हता. आमच्या गावात शनिवारी मोकळा असलेला रुग्णवाहिकेचा स्वयंसेवक एकच: मासेवाला स्टॅव्ह.

पुढे असं निघालं, की दुपारच्या कार्यक्रमाला चहा हवाच. चहा म्हटला की पाण्याचा मोठा बंब आला. आणि तो बंब मिसेस हॉकिंगशिवाय कुणाचं ऐकत नाही. मागे एकाने परस्पर पेटवला, तेव्हा हॉलचा पडदा गेला. तेव्हा त्याही येणार. "नुसती बसून काय करू? मलाही एक माणूस दे," त्या म्हणाल्या. "आणि प्रत्येकाने खायचं भरून एक प्लेट आणायची. प्लेटखाली नाव हवं."

हे मला सांगायची गरज नव्हती. पोर्ट ट्रेव्हनमध्ये माणूस बिननावाचा फिरला तर चालेल, प्लेट नाही. प्रत्येक प्लेटच्या बुडाशी कागदी चिकटपट्टीवर आडनाव असतं. प्लेट भरून जाते, दुसऱ्याच्या घरी राहते आणि भरून परत येते. रिकामी प्लेट परत करणाऱ्याशी कुणी भांडत नाही. फक्त त्याच्याकडे पुन्हा प्लेट जात नाही. एक कुटुंब गाव सोडून गेलं. त्यांच्याविषयी लोक अजून म्हणतात, "माणसं तशी बरी होती, पण..." आणि पुढे बोलत नाहीत.

तर असा तो शनिवार उजाडला. टेबलाला ओरखडे जाऊ नयेत म्हणून मिसेस हॉकिंगनी बिलियर्डच्या टेबलाचं जुनं आच्छादन पसरलं. त्यावर ओर्वालचा नकाशा. नकाशाच्या चार कोपऱ्यांवर सॉसच्या चार बाटल्या. शेजारच्या टेबलावर ओल्या फडक्याखाली झाकलेल्या प्लेटा: मिसेस हॉकिंगच्या मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या, स्टॅव्हच्या बायकोचा मधाचा केक, डॅरिलने दुकानातून आणून घरच्या प्लेटमध्ये ओतलेली बिस्किटं आणि ग्लेनिसचे जॅम-क्रीम लावलेले स्कोन. पाच वाजता पत्ते खेळणारी मंडळी येणार होती, म्हणजे पाचला हॉल मोकळा हवा. मी घसा साफ केला आणि उतरलो परग्रहावर.

"यान हादरतं. इंजिन विव्हळतं आणि बंद पडतं. खाली गुलाबी मीठ, नजर पोहोचेल तिथवर—"

"सायलोच्या पुढचा तलाव," स्टॅव्ह मिसेस हॉकिंगच्या कानात म्हणाला.

मी दुर्लक्ष केलं. डॅरिल नेहमीप्रमाणे सार्जंट झाला होता. डॅरिल वीजमिस्त्री आहे, जन्मात कुणावर हात उचललेला नाही, पण गोष्टीत शिरला की समोर दिसेल त्याच्यावर आधी गोळी झाडतो आणि मग चौकशी करतो. स्टॅव्ह डॉक्टर झाला. मिसेस हॉकिंग वाट दाखवणाऱ्या. ग्लेनिसने यान चालवायचं पत्करलं होतं आणि त्याला 'मार्गारेट' असं नावही दिलं होतं. तिच्या बसचं नावही मार्गारेटच आहे.

"दूरवर काळा मनोरा दिसतो," मी म्हणालो. "गाणारा दगड तिथे आहे. तुम्ही काय करता?"

तिघांनी निघायचं ठरवलं. मी ग्लेनिसकडे बघितलं. ती विणकाम काढून बसली होती.

"मी इथेच थांबते," ती म्हणाली.

"इथे म्हणजे?"

"यानात. गाडी सोडून ड्रायव्हर जात नाही, रॉड. नियम आहे."

"अगं, इंजिन बंद आहे! कोण नेणार आहे गाडी?"

"बंद पडलेली गाडीच लोक उचलून नेतात. गेल्या वर्षी लान्सचा ट्रॅक्टर नाही का गेला?"

"पण मनोरा..." मी नकाशावर बोट ठेवलं. "मनोऱ्यावरून बघण्यासारखं आहे, ग्लेनिस. सगळी गोष्ट तिथेच आहे."

"मग या ना जाऊन. आल्यावर सांगा मला," ती म्हणाली आणि टाके मोजू लागली.

मी कपाळाला हात लावला. ज्या बाईसाठी ग्रह उभारला, ती ग्रहावर येऊन गाडीत बसून राहिली. तिचं मन वळवायला मी डॅरिलला डोळा मारला, स्टॅव्हला लाथ मारली. पण मिसेस हॉकिंग म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. कुणीतरी थांबायलाच हवं." त्यानंतर आमच्या गावात अपील नसतं.

मग मी वेगळी युक्ती केली. ओर्वालवर वूम नावाचे प्राणी राहतात. गुडघ्याएवढे, केसाळ, तोंडाने गुणगुणणारे. राहतात मनोऱ्यातच, दगड त्यांचा आहे आणि ते कुणाला त्याच्या जवळपास फिरकू देत नाहीत. म्हटलं, यानावर वूम सोडावेत, म्हणजे ही घाबरून बाहेर पडेल. वीस बाजूंचा फासा टाकला. नऊ आले.

"ग्लेनिस, यानाभोवती नऊ वूम जमलेत," मी आवाज खोल करून म्हणालो. "दात विचकतायत. गुणगुणतायत. तू काय करतेस?"

ग्लेनिसने विणकाम खाली ठेवलं. "नऊ? दोन-दोनच्या जोड्या करून बसायला सांग. एक उरेल, तो माझ्या शेजारी. ढकलाढकली नको."

"ते हल्ला करणार आहेत गं!"

"भुकेले असतील. दुपारी सगळ्यांनाच भूक लागते. गुणगुणतात म्हणजे नक्की कसं? करून दाखव बघू."

आता खेळ चालवणाऱ्याला असं विचारलं, की करून दाखवावंच लागतं. मी डोळे मिटून नऊ वूमांचं गुणगुणणं सुरू केलं. मनापासून करत होतो. डोळे उघडले, तर दारात म्हातारा लान्स उभा. पत्त्यांच्या खुर्च्या बघायला लवकर आला होता. त्याने टोपी काढली, माझ्याकडे पाहिलं, ग्लेनिसकडे जास्त सहानुभूतीने पाहिलं आणि टोपी घालून निघून गेला. सोमवारी माझ्या कचेरीत लोक माझी प्रकृती विचारत होते, त्याचं मूळ हे.

तोवर ग्लेनिस उठली होती. शेजारच्या टेबलावरची तिची प्लेट उचलून तिने नकाशावर, अगदी यानाशेजारी ठेवली.

"चहाची वेळ झाली नाही अजून," मिसेस हॉकिंगनी बजावलं.

"आपली नाही झाली, नोलीन. त्यांची झाली असेल." मग माझ्याकडे वळून, "त्यांना सांग, स्कोन घ्या, सगळ्यांना पुरतील. प्लेटखाली माझं नाव आहे, प्लेट मला परत हवी."

आता हल्ला करायचा कसा? स्कोन समोर असताना दात विचकणं मलाच जमेना. वूमांनी प्लेट उचलली, स्कोनसकट, आणि मनोऱ्याकडे पसार झाले, असं मी जाहीर केलं. खरी प्लेट मी उचलून खुर्चीखाली सरकवली.

"गेली तुझी प्लेट," डॅरिल खदाखदा हसला. "गोळी घालायला हवी होती!"

"येईल," ग्लेनिस म्हणाली आणि पुन्हा टाके मोजू लागली.

तिकडे तिघेजण मनोऱ्याशी पोहोचले. इथे तरी माझी गोष्ट रुळावर येईल, अशी आशा होती. दारात पहारेकरी: दगडी, अजस्र, युगानुयुगं जागा. तो कोडं घालणार, हे सोडवणार, दार उघडणार. मग मी ग्लेनिसला कसंही करून वर आणणार होतो. वेळ पडली तर भूकंप करणार होतो.

डॅरिल म्हणाला, "मी गोळी झाडतो." फासा टाकला, एक आला. बंदूक अडकली, बोट चेमटलं. स्टॅव्हने प्रथमोपचाराच्या खऱ्या पेटीतून खरं बँडेज काढून डॅरिलच्या खऱ्या बोटाला बांधलं, कारण सराव राहतो म्हणे.

मग मिसेस हॉकिंग पुढे झाल्या. पहारेकऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे, बघून अदबीने म्हणाल्या, "नमस्कार. आत जायचं असेल तर कुणाला भेटायचं?"

हे वाक्य मी कचेरीत इतक्या वेळा ऐकलंय, की त्याचं उत्तर माझ्या डोक्यात नसतंच, जिभेवर असतं. दगडी, अजस्र, युगानुयुगं जागा असलेला पहारेकरी म्हणाला, "खिडकी चारला बंद झाली. सोमवारी या."

स्टॅव्ह टेबलावर डोकं टेकवून हसू लागला.

"नाही, नाही, थांबा!" मी म्हणालो. "पहारेकरी असं म्हणत नाही. पहारेकरी कोडं घालतो. असं कोणतं पान, जे—"

"छे!" डॅरिल बँडेजवालं बोट नाचवत ओरडला. "बोललं ते बोललं!"

हा आमच्या शेडमधला सगळ्यात जुना नियम. माणसाच्या तोंडून जे निघालं, ते गोष्टीत घडलं. नियम मीच केलेला. त्या नियमाखाली मी डॅरिलला आजवर दऱ्यांत ढकललंय, राजांचा अपमान करायला लावलंय, एकदा तर एका झाडाशी त्याचं लग्न लावलंय. आज त्याने चक्रवाढ व्याजासह वसुली केली.

"सोमवारी तर सोमवारी," मिसेस हॉकिंग समाधानाने म्हणाल्या. "वेळ म्हणजे वेळ. परग्रहावर का होईना, कुणीतरी पाळतंय." आणि त्या मागे फिरल्या. बाकीचे दोघेही मागे फिरले. कोड्याचं उत्तर देण्याची संधी मिळाली असती, तर ती त्यांनी घेतलीच नसती, इतकं त्यांना पहारेकऱ्याचं म्हणणं पटलं होतं.

चहा झाला. पास्ट्या गेल्या, केक गेला, डॅरिलची बिस्किटंसुद्धा गेली. मी मात्र नकाशासमोर बसून होतो. ग्रह माझा, मनोरा माझा, पहारेकरी मी, आणि आत जायची सोय नव्हती ती मलाच. बाहेर गाड्यांची दारं वाजायला लागली होती. पत्तेवाले एकेक करून येत होते, भिंतीला टेकून उभे राहत होते. खिशात माझा परिच्छेद होता. मला खरंच वाईट वाटत होतं. हसू नका. मोठ्या माणसाला खेळासाठी वाईट वाटू नये, असं लोक म्हणतात. त्या लोकांनी कधी गवत कापताना चंद्र लिहिलेला नसतो.

"चला, आवरायला घ्या," मिसेस हॉकिंग म्हणाल्या.

"थांबा," ग्लेनिस म्हणाली. "माझी प्लेट?"

मी खुर्चीखालची प्लेट काढायला वाकलो.

"ती नाही. ती तर इथेच आहे. तिकडची. वूमांनी नेलेली."

"ग्लेनिस, ते वूम आहेत. परग्रहावरचे प्राणी आहेत."

"परग्रहावरचे असले म्हणून काय झालं?" मिसेस हॉकिंगनी हातातला कप खाली ठेवला. "लोकांची प्लेट ठेवून घेतील?"

"आणतील की परत," स्टॅव्ह म्हणाला. "नऊजण होते, नऊच्या नऊ विसरतील होय?"

डॅरिलसुद्धा गंभीर झाला होता. "पण रॉड, रिकामी आणतील का रे?"

भिंतीशी उभे असलेले पत्तेवालेही माझ्याकडे बघायला लागले. त्यांना ना यान ठाऊक, ना मनोरा. पण कुणाची तरी प्लेट कुणाकडे तरी राहिली आहे आणि ती रिकामी येणार की भरलेली, एवढा प्रश्न पोर्ट ट्रेव्हनमध्ये कुणालाही पुरतो.

मी विचार करू लागलो. वूम काय देतील? त्यांच्याकडे चूल नाही, पीठ नाही, जॅम नाही. मी त्यांना काही दिलंच नव्हतं. मिठाचं मैदान, वारा आणि ते गुणगुणतात म्हणून त्यांच्यासोबत गाणारा एक दगड. दुसरं काहीच नव्हतं त्यांच्या घरात. आणि नऊजणांचं पोट ज्या प्लेटने भरलं, तिच्यावर माणूस काय ठेवतो? घरात असेल ते सगळ्यात चांगलं ठेवतो. गोष्ट माझी, पण हे मला माहीत नव्हतं.

"मिठावरून कुणीतरी येतंय," मी म्हणालो. आवाज मुद्दाम खोल केला नव्हता. तो तसाच निघाला. "रांगेत. दोन-दोनच्या जोड्या. सगळ्यात पुढे तो उरलेला एक, तुझ्या शेजारी बसलेला. त्याने प्लेट डोक्यावर धरली आहे, दोन्ही हातांनी. प्लेटवर काहीतरी आहे. ते गातंय."

आणि मी गुणगुणायला लागलो. लान्स तिथेच उभा होता, तरी लागलो. मग स्टॅव्हने त्याच्या जाड आवाजात साथ धरली, मग डॅरिलने. मिसेस हॉकिंगनी चर्चमधला वरचा सूर लावला.

"गाणारा दगड आहे," मी म्हणालो. "तो यानाच्या पायरीवर ठेवून ते बाजूला होतात. आणि त्यांच्या मागे..."

कागद खिशातच राहिला. तो परिच्छेद मनोऱ्यासाठी लिहिलेला होता. त्यात उंची होती, कडा होता, पायाखाली ढग होते. इथे पायरी होती आणि विणकाम घेऊन बसलेली बाई. मी जसं दिसलं तसं सांगत गेलो. आधीचे दोन चंद्र फिकट पडतात. मिठाची कड उजळते, जणू खालून कुणी दिवा धरलाय. आणि तिसरा चंद्र येतो तो इतका जवळून, इतका मोठा, की वूमांच्या सावल्या लांब होत होत यानाच्या पायरीपर्यंत पोहोचतात, मग तुझ्या पायांपर्यंत. सगळं मीठ तांबूस होतं. दगड गायचा थांबतो, कारण आता सगळं मैदानच गातंय.

बंबसुद्धा गप्प होता. ग्लेनिसच्या मांडीवरची सुई घरंगळून खाली पडली, ती तिने उचलली नाही. ती माझ्याकडे बघत होती, पण मला नव्हती बघत. माझ्या मागे, भिंतीच्या पलीकडे कुठेतरी बघत होती.

मग ती म्हणाली, "प्लेट धुतलेली होती का?"

"धुतलेली," मी म्हणालो. "पुसलेलीही. खालची पट्टी तशीच आहे."

"चांगली माणसं आहेत," मिसेस हॉकिंग म्हणाल्या, आणि भिंतीपासून पत्त्यांच्या टेबलापर्यंत सगळ्यांनी माना डोलावल्या. मार्गारेट सुरू झालं की नाही, हे कुणी विचारलंदेखील नाही. आच्छादन गुंडाळलं गेलं, नकाशाला सॉसचा एक डाग पडलेला निघाला आणि पत्ते वाटले जाऊ लागले.

घरी जाताना गाडी ग्लेनिसच चालवत होती. ती असताना दुसरं कुणी चालवत नाही. मी काही विचारलं नाही. कसं वाटलं असं विचारलं असतं, तर ती "छान" म्हणाली असती, आणि ते मला नको होतं. सूर्य मावळला होता, सायलो मागे पडले. तलावापाशी तिने अचानक गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि खाली उतरली. चालत पार मिठाच्या कडेपर्यंत गेली. मी तिच्या मागे गेलो.

तलाव गुलाबी दिसत होता. पलीकडच्या काठावर चंद्र वर येत होता. पौर्णिमेच्या आसपासचा, साधा, आपला नेहमीचा.

"एक तर आहे," ग्लेनिस म्हणाली. "बाकीचे दोन कुठून येतात म्हणालास?"

मी हात उचलून दाखवलं, एक तिथून आणि एक तिथून. ती डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून नीट बघत राहिली. मागे रस्त्यावर गाडीचं दार उघडंच होतं आणि किल्ली आत तशीच लटकत होती.